खलनायकाचा मुखवटा आणि दुसऱ्याचा चेहरा

गेल्या नाताळच्या सुट्टीत आमच्या वाणगावच्या घरी वसई, पालघर आणि बोईसरकडची आप्तमंडळी जमली होती. ओटीवर मोठ्यांच्या गप्पा रंगल्या होत्या, स्वयंपाकघरातून फराळाचा घमघमाट येत होता आणि आतल्या खोलीत संगणकाभोवती मुलांचा घोळका बसला होता. मधल्या खुर्चीवर होता आमचा भाचा. तो आठवीत शिकतो. आपल्या धर्मग्रामात तो वेदीसेवक आहे, धर्मशिक्षणाच्या वर्गाला न चुकता जातो आणि घरी कुणाला उलट उत्तर देत नाही. तो खेळत होता तो खेळ म्हणजे २००४ साली निघालेला ‘ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास’. पडद्यावरच्या तरुणाने भर रस्त्यात एका माणसाला त्याच्याच मोटारीतून खेचून बाहेर फेकले, मोटार पळवली आणि वळणावर पदपथावरच्या दुसऱ्या एकाला उडवले. मुले खो खो हसली.

आमची आई दारात उभी राहून हे पाहत होती. तिने ऐंशी कधीच ओलांडली आहे. तिने विचारले, “ह्यात तू कोण रे?”

“गाडी पळवली ना, तो मी.”

“म्हणजे चोर?”

“चोर नाही गं आजी, गँगवाला.”

आई थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “आणि तो पडला त्याचं काय झालं? त्याच्या घरी कोण आहे?”

“त्याला घर नाही आजी. तो नुसता माणूस आहे. आपण पुढे गेलो की नाहीसा होतो.”

आई काही बोलली नाही. ती देवघरातल्या दिव्याची वात सारखी करायला निघून गेली. पण तिचा प्रश्न आणि भाच्याचे उत्तर, दोन्ही आमच्या मनात राहिली. गुणी मुलाला दुर्जन होऊन खेळण्यात एवढा आनंद का वाटावा? त्या आनंदात काही पाप आहे काय? पाप असेल, तर ते नेमके कोठे आहे? हे प्रश्न आज आपल्या प्रत्येक कुटुंबाच्या दाराशी उभे आहेत. म्हणून त्यांचा थोडा विचार करावा असे आम्हांस वाटले.

प्रथम एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. खलनायकाचे आकर्षण संगणकाबरोबर जन्माला आलेले नाही. आपण लहानपणी राजा, मंत्री, चोर, शिपाई अशा चार चिठ्ठ्या करून खेळत होतो. राजाला सर्वाधिक गुण आणि पकडल्या गेलेल्या चोराला शून्य, हा त्या खेळाचा हिशेब. तरीही घडी उलगडून ‘चोर’ हा शब्द दिसला की छातीत जी धडधड होई, ती राजाच्या चिठ्ठीने कधी झाली होती काय? चेहरा कोरा ठेवायचा, नजर चुकवायची आणि शिपायाचे बोट निरपराध मंत्र्याकडे वळले की मनातल्या मनात हसायचे. राजाला काही करायचेच नसे. सारा खेळ चोराचा असे. २०१८ साली निघालेला आणि २०२० च्या टाळेबंदीत जगभर पसरलेला ‘अमंग अस’ हा खेळ म्हणजे आपल्या त्या चार चिठ्ठ्यांचाच नवा अवतार. अंतराळयानातील सहकाऱ्यांमध्ये एक घातपाती दडलेला असतो आणि इतरांनी त्याला ओळखायचे असते. तो घातपाती होण्याची पाळी आपल्यावर यावी, अशी आमच्या घरच्या प्रत्येक मुलाची इच्छा असे.

आपल्या रंगभूमीकडे पाहिले तरी हेच दिसेल. आचार्य अत्रे यांचे ‘तो मी नव्हेच’ १९६२ साली रंगमंचावर आले. त्यातील लखोबा लोखंडे हा अनेक स्त्रियांना फसवणारा भामटा. परंतु प्रभाकर पणशीकरांनी वेष पालटून उभी केलेली त्याची रूपे पाहण्यासाठी प्रेक्षक पुन्हापुन्हा नाट्यगृहाकडे वळत राहिले. वसंत कानेटकरांच्या ‘अश्रूंची झाली फुले’ या नाटकात सज्जन प्राध्यापक आहेत, पण प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले ते डॉ. काशिनाथ घाणेकरांच्या गुंड लाल्याला. आपल्याच जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याकडे होणाऱ्या बोहाड्यात देवांच्या सोंगांबरोबर राक्षसांचीही सोंगे नाचतात. राक्षसाचा मुखवटा चढवणाऱ्याला गाव दुष्ट मानत नाही. त्याच्यावाचून उत्सव उभाच राहत नाही, हे गावाला ठाऊक असते.

निळू फुले यांचे उदाहरण तर विचार करण्याजोगे आहे. पडद्यावर त्यांनी इतके अस्सल दुर्जन रंगवले की खेड्यापाड्यांतील स्त्रिया त्यांना प्रत्यक्षात पाहूनही बिचकत. हाच माणूस राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारांत वाढला होता आणि २००९ साली निधन होईपर्यंत सामाजिक चळवळींशी त्याचे नाते तुटले नाही. आयुष्यभर खलनायकाचा मुखवटा घालूनही तो त्यांच्या चेहऱ्याला चिकटला नाही. तेव्हा सोंग घेणे म्हणजे तसे होणे नव्हे, हे पहिले सत्य.

मग हे आकर्षण येते कोठून? उत्तरासाठी आम्हां वाणगावकरांना लांब जावे लागत नाही. आमचे गाव मिरचीसाठी प्रसिद्ध आहे. हंगामात येथून मिरची बाहेर जाते आणि कोठल्या कोठल्या घरांत जिभा पोळते. जी वस्तू तोंडात आग लावते ती माणूस पैसे देऊन विकत का घेतो, हा प्रश्न पॉल रोझिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाला पडला होता. त्याचे उत्तर असे : जीभ धोक्याची आरोळी ठोकते, पण मनाला पक्के ठाऊक असते की धोका काहीच नाही. शरीर फसले आणि मन फसले नाही, यातच मौज आहे. उंच पाळण्यात बसून किंचाळणे, भुताच्या गोष्टी ऐकणे, रडवणारे नाटक पाहणे ही सारी याच मिरचीची भावंडे. खेळातला गुन्हा ही नीतीच्या जिभेवर ठेवलेली मिरची होय. सदसद्विवेकबुद्धी दचकते आणि त्याच क्षणी तिला कळते की कोणालाही इजा झालेली नाही.

दुसरे कारण आपल्या घरांतच आहे. आपली मुले पहाटेपासून रात्रीपर्यंत कोणाच्या ना कोणाच्या नजरेखाली असतात. शाळेत गुण, शिकवणीत गुण, चर्चमध्ये शिस्त आणि घरी आल्यावर शेजारच्या मुलाशी तुलना. चांगले असण्याचा हा अखंड पहारा सोसणाऱ्या मुलाला एक असे नगर सापडते, जेथे त्याला कोणी चांगले असण्यास सांगत नाही. तेथे तो लाल दिवा ओलांडतो, आणि आकाश कोसळत नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या क्राऊझ व रकर या अमेरिकन संशोधकांच्या अभ्यासात असे दिसून आले की, कथेचे आवरण असेल तर माणसे आपल्याशी साम्य असलेल्या खलनायकाकडे अधिक ओढली जातात. आपल्याच अंगणातली अंधारी बाजू पाहण्याची माणसाला ओढ असते. मात्र ती पाहताना हातात गोष्टीचा कंदील असावा लागतो.

येथवर आम्ही आरोपीच्या वतीने बोललो. आता दुसरी बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती फार जुनी आणि फार थोर माणसांची आहे.

प्लेटोने आपल्या ‘रिपब्लिक’ या ग्रंथात इशारा दिला की, नगराच्या भावी रक्षकांनी नीच माणसांच्या नकला करू नयेत. तरुणपणापासून केलेले अनुकरण हळूहळू शरीराची, वाणीची आणि विचारांची सवय बनते. वाणगाव-चिंचणी परिसरात दागिन्यांच्या डाय कोरण्याचा हस्तव्यवसाय चालतो. ज्यांनी ते काम पाहिले आहे, त्यांना प्लेटोचे म्हणणे सहज समजेल. डायवर पत्रा ठेवून दाबला की पत्र्याला तोच आकार येतो. पत्रा काही विचार करीत नाही. मन हे पत्र्यासारखे असेल तर प्लेटोची भीती खरी आहे.

संत ऑगस्टीन यांनी इ. स. ४०० च्या सुमारास लिहिलेल्या आत्मनिवेदनात दोन प्रसंग सांगितले आहेत. पहिला त्यांचा स्वतःचा. सोळाव्या वर्षी मित्रांसमवेत त्यांनी शेजारच्या झाडाची नासपती चोरली. भूक नव्हती, फळेही काही खास नव्हती; त्यांतली बरीचशी त्यांनी डुकरांपुढे टाकली. चोरीची गोडी फळात नव्हती, चोरीतच होती. पुढे वयात आल्यावर मागे वळून पाहताना त्यांना उमगते की एकटे असतो तर आपण हे केलेच नसते. दुसरा प्रसंग त्यांचा मित्र अलिपियस याचा. रोममध्ये मित्रांनी त्याला ओढून मल्लांच्या प्राणघातक झुंजी पाहायला नेले. त्याने निश्चयाने डोळे मिटून घेतले, पण कान मिटायचे राहिले. समुदायाची प्रचंड आरोळी उठली, कुतूहलाने त्याने डोळे उघडले, आणि त्या क्षणापासून तो रक्ताच्या नशेत बुडाला. आलेला अलिपियस हरवला आणि त्या गर्दीतला एक तेवढा उरला.

या दोन प्रसंगांत एक धागा समान आहे, आणि तो संगणकाच्या पडद्यावर सहसा शोधला जात नाही. तो म्हणजे समुदाय. माणसाला वाईटाची चटक लागते ती बहुधा दुसऱ्यांच्या हसण्याने.

आधुनिक अभ्यासकांनी या प्रश्नाचे मोजमाप करण्याचा यत्न केला आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठातील अँड्र्यू शिबिल्स्की आणि त्यांच्या सहकारी नेटा वाइनस्टीन यांनी २०१९ साली सुमारे एक हजार ब्रिटिश किशोरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हिंसक खेळ खेळणे आणि आक्रमक वागणे यांत त्यांना संबंध आढळला नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० साली म्हटले की ओरडणे, ढकलणे यांसारख्या वर्तनाशी अशा खेळांचा थोडा संबंध दिसतो, परंतु खऱ्या हिंसाचाराचे खापर त्यांच्यावर फोडण्याइतका पुरावा नाही. २०१४ सालच्या एका अमेरिकन प्रयोगात तर उलटच दिसले. खेळात दहशतवाद्याची भूमिका करणाऱ्यांच्या मनात अपराधीपणाची भावना जागी झाली आणि तिच्यामुळे त्यांची नैतिक संवेदना अधिक तीव्र झाली. ‘मास इफेक्ट’ या खेळमालिकेत सज्जनपणाने किंवा दांडगाईने वागण्याची मुभा खेळाडूला असते. तिच्या निर्मितीत काम केलेल्या एका कलावंताने २०२० साली सांगितले की सुमारे ९२ टक्के खेळाडूंनी सज्जनपणाचा मार्ग पत्करला होता. दुर्जन होण्याची खुली परवानगी मिळूनही बहुसंख्य माणसे सज्जनच राहू पाहतात, हे ऐकून ख्रिस्ती मनाला आनंद व्हावा. देवाने आपल्या प्रतिमेत घडवलेला माणूस म्हणजे केवळ पत्रा नव्हे.

तरीही आमच्या मनाचे समाधान झाले नाही, आणि त्याचे कारण आम्ही स्वतः. त्या रात्री घर निजल्यावर आम्ही गुपचूप त्या खुर्चीवर बसलो. प्रथम मोटार नीट चालवण्याचा यत्न केला. ती जमेना. एक माणूस चुकून चाकाखाली आला आणि आम्ही दचकलो. दुसरा आला तेव्हा दचकलो नाही. अर्ध्या तासाने आम्ही मोटार पदपथावर मुद्दाम घालीत होतो आणि, लिहिण्यास लाज वाटते, हसत होतो. आम्हांस दुष्टपणाचा आनंद झाला नव्हता. आनंद झाला होता तो कोणीही आड न येण्याचा. समोरची माणसे आम्हांस माणसे दिसतच नव्हती. भाच्याने सांगितलेच होते : नुसता माणूस, पुढे गेले की नाहीसा होणारा.

१९९७ साली ‘कार्मागेडन’ नावाचा एक खेळ निघाला. त्यात पादचाऱ्यांना चिरडल्याबद्दल गुण मिळत. ब्रिटनमध्ये त्याला प्रमाणपत्र नाकारले गेले. तेव्हा निर्मात्यांनी तोडगा काढला : पादचाऱ्यांच्या जागी चालती प्रेते घातली आणि रक्ताचा रंग हिरवा केला. खेळ तोच, मोटार तीच, चिरडणेही तेच. पण आता चिरडले जाणारे माणूस नव्हते, म्हणून खेळ विक्रीस योग्य ठरला. त्या अधिकाऱ्यांचा हेतू शुद्ध असेल. परंतु आम्हांस या तोडग्यात साऱ्या प्रश्नाची किल्ली दिसते. रक्त लाल असेपर्यंत निदान मन दचकण्याची शक्यता होती. ते हिरवे केले आणि दचकण्याचे कारणच काढून घेतले. जगातील प्रत्येक मोठ्या अत्याचाराने आधी हेच केले आहे. आधी समोरच्याचा चेहरा काढून घेतला, मग हात उचलला.

आणि येथे आम्हांस वाटते की आपण चुकीच्या ठिकाणी पहारा देत आहोत. मूल खलनायक होऊन खेळते तेव्हा त्याला निदान ठाऊक असते की आपण खलनायक आहोत. चोर, गुंड, घातपाती ही नावे खेळाने त्याला सरळ दिलेली असतात. खरी भीती त्या खेळाची आहे ज्यात आपण नायक असतो, आपली बाजू धर्माची असते आणि समोरचे सारे केवळ शत्रू असतात. कारण प्रत्यक्ष जीवनात कोणीही खलनायकाची चिठ्ठी उचलून घराबाहेर पडत नाही.

वाचकहो, हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. २०२० सालच्या एप्रिल महिन्यात टाळेबंदी चालू होती. चर्चची दारे बंद होती, पवित्र आठवड्याचे विधी आपण घरी बसून पडद्यावर पाहिले. त्या दिवसांत आपल्या जिल्ह्याच्या गावोगाव अफवा पसरली होती की रात्री चोर आणि मुले पळवणारे फिरत आहेत. १६ एप्रिलच्या रात्री, ईस्टरच्या आठवड्यातच, आमच्या डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे जमावाने एक मोटार अडवली. आत दोन साधू आणि त्यांचा चालक होता. ते मुंबईहून सुरतेकडे अंत्यविधीसाठी निघाले होते. त्या तिघांना जमावाने ठार केले. त्यानंतर त्या घटनेवर पुष्कळ राजकारण झाले. आम्हांस त्यात शिरावयाचे नाही. आम्हांस एवढेच दिसते की त्या रात्री गर्दीत उभा असलेला माणूस स्वतःला खुनी समजत नव्हता. तो स्वतःला गावाचा राखणदार समजत होता. आपली लेकरे वाचवण्यासाठी तो धावत आला होता. मोटारीतल्या वृद्धाच्या चेहऱ्यावर त्याला माणूस दिसला नाही, अफवेतला चोर दिसला.

आणि आता आम्हांस आमच्याविषयी सांगितले पाहिजे. त्या घटनेच्या काही दिवस आधी मुले पळवणाऱ्या टोळीविषयीचा एक संदेश आमच्याही व्हॉट्सॲपवर आला होता. आम्ही तो वाचला, आमची भाचरे डोळ्यांसमोर आली आणि आम्ही तो पुढे पाठवला. एकाला नव्हे, तीन गटांना. शहानिशा केली नाही. तेव्हा आम्हांस आपण फार जबाबदारीने वागत आहोत असे वाटले होते. आमचा संदेश त्या गावापर्यंत पोहोचला असण्याचा संभव नाही, असे आम्ही स्वतःस पुष्कळदा सांगितले आहे. पण अफवा कोणा एकाची नसते; ती प्रत्येकाच्या बोटातून थोडी थोडी मोठी होते. आमच्या भाच्याने पडद्यावर कितीएक माणसे उडवली असतील, त्यांतले एकही खरे नव्हते. आम्ही मात्र नायकाच्या भूमिकेत, शुद्ध हेतूने, खऱ्या आगीत काडी टाकली होती.

चर्च उघडल्यानंतर आम्ही पापनिवेदनास गेलो आणि हेही सांगितले. धर्मगुरूंनी शांतपणे ऐकून विचारले, “ज्यांना पाठवला होता, त्यांना चूक कळवलीत काय?” आम्ही कळवली नव्हती. आम्ही तो संदेश आमच्या भ्रमणध्वनीवरून पुसून टाकला होता, एवढेच. घरी येऊन आम्ही तिन्ही गटांना लिहिले की आमची चूक झाली. दोघांनी आभार मानले. एकाने विचारले, “आता कशाला?” बाकीचे गप्प राहिले.

पुसून टाकणे आणि क्षमा मिळणे यांतला भेद आम्हांस तेव्हा कळला. संगणकाच्या खेळात चुकले की पुन्हा आरंभ करता येतो. मेलेले उठतात, मोडलेले जुळते, केलेले न केल्यासारखे होते. आपला प्रायश्चित्त संस्कार असा नाही. त्यात पश्चात्ताप आहे, निवेदन आहे आणि झालेली हानी भरून काढण्याची सिद्धता आहे. प्रभू येशू जक्कयच्या घरी उतरले, तेव्हा जक्कयने आपली जुनी खातेवही जाळून टाकली नाही. त्याने ती उघडली, आणि ज्यांना लुबाडले होते त्यांना चौपट परत देण्याचे कबूल केले. नवलाची गोष्ट अशी की खेळ बनवणाऱ्यांपैकी काहींना हे उमगले आहे. २०१५ सालच्या ‘अंडरटेल’ या खेळात ज्याने सर्वांचा संहार केला, त्याने खेळ पुन्हा सुरू केला तरी खेळ ते विसरत नाही. पुढे तो कितीही सज्जनपणे खेळला तरी शेवटावर त्या संहाराची सावली पडते. असा खेळ खलनायकाची भूमिका देतो, पण तिची किंमतही मागतो. अशा खेळाने मूल बिघडेल असे आम्हांस वाटत नाही. झालाच तर त्याचा लाभ होईल.

तेव्हा पालकांनी काय करावे? पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ सालच्या जागतिक संज्ञापन दिनाच्या संदेशात मनोरंजनाच्या नावाखाली हिंसेचा गौरव करणाऱ्या चित्रपटांचा आणि खेळांचा कडक निषेध केला होता. त्या संदेशात माध्यमांचा विवेकाने वापर करण्याचे शिक्षण मुलांना देण्यावरही भर होता. जो खेळ प्रौढांसाठी आहे तो आठवीतल्या मुलाच्या हाती असू नये, हे उघड आहे. त्या बाबतीत आमच्या घरी चूक झाली आणि आता तो खेळ त्या संगणकावर नाही. परंतु केवळ काढून घेणे म्हणजे पुन्हा पुसून टाकणेच. मुलाशेजारी खुर्ची ओढून बसावे. तो एकटा खेळताना जे करतो आणि मित्र हसत असताना जे करतो, त्यांत फरक पडतो काय, हे पाहावे. आणि आमच्या आईने विचारला तो प्रश्न विचारावा. “तू कोण?” या प्रश्नाचे उत्तर मूल चटकन देते. “त्याच्या घरी कोण आहे?” हा प्रश्न मात्र त्याला थांबवतो. तो आपल्यालाही, भ्रमणध्वनीवर बोट टेकण्यापूर्वी, थांबवू शकेल.

आणि खलनायकाची भूमिका पूर्णपणे टाळण्याचा आग्रह आपण धरूच नये, कारण ख्रिस्तसभाच दरवर्षी ती आपल्याला देते. झावळ्यांच्या रविवारी प्रभूच्या दुःखसहनाचा वृत्तांत वाचला जातो. ख्रिस्ताचे शब्द धर्मगुरू वाचतात, निवेदन एक जण वाचतो, आणि जमावाचे शब्द सामान्यतः आपल्या वाट्याला येतात. थोड्या वेळापूर्वी हातात झावळ्या घेऊन ज्याचा जयजयकार केला, त्यालाच क्रुसावर देण्याची मागणी आपण आपल्याच तोंडाने करतो. प्रेषितांची किंवा क्रुसाखाली उभ्या असलेल्या मरियेची जागा आपल्याला मिळत नाही. आपल्याला मिळते ती जमावाची जागा. संगणकाचा खेळ म्हणतो : घाबरू नकोस, हा तू नव्हेस. उपासना म्हणते : नीट ऐक, हा आवाज तुझा आहे.

गेल्या झावळ्यांच्या रविवारी भाचा आमच्याकडे आला होता. त्या दिवशी तो वेदीवर नव्हता, आमच्या शेजारी उभा होता. जमावाचे शब्द आले तेव्हा सारे चर्च एका आवाजात बोलले. त्याचा नुकता फुटलेला आवाजही त्यात होता. परतताना तो बराच वेळ गप्प होता. मग हातातल्या झावळीची घडी घालीत त्याने विचारले, “मामा, ती ओरडणारी माणसं वाईट होती का?”

“नाही रे,” आम्ही म्हणालो, “नुसती माणसं होती.”

त्याने आमच्याकडे पाहिले. त्याला नाताळचे काही आठवले की नाही, आम्हांस ठाऊक नाही. घरी पोहोचल्यावर त्याने ती झावळी आजीच्या हाती दिली, आणि तिने ती देवघरात क्रुसाच्या मागे खोचली.